१८९७ हे साल नव्हे

नळीवर ‘मॉडेल १८९७’ असं मी स्वतः वाचलं होतं. चष्मा पुसून, टॉर्च मारून. त्यामुळे बंदूक १८९७ सालची, असं सासूबाईंना छातीठोकपणे सांगून मोकळी झाले. पुढच्या दोन महिन्यांत बंदुकीबद्दल मला जे जे पक्कं ठाऊक होतं, त्या सगळ्याची हीच गत झाली.

सासरे गेले आणि पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या घराच्या तळघरातलं काचेचं कपाट आवरायची वेळ आली. आत पाच बंदुका. मृत्युपत्राने सगळं सासूबाईंच्या नावावर. चार दिराने मागून घेतल्या. उरली ती विंचेस्टर कंपनीची जुनी पंप शॉटगन. माझ्या नवऱ्याला लहानपणी भल्या पहाटे उठवून शिकारीला नेत असत. तेव्हापासून त्याला बंदूकही नको आणि पहाटही. मी बँकेत काम करते, फॉर्म बघून मला घाम फुटत नाही, एवढ्या भांडवलावर ती विकायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बंदुकीशी माझी ओळख खंडेनवमीपुरती. कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वर्षातून एकदा तिला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर घरी परतायची. ‘पंप’ म्हटल्यावर मला तर आंब्यावर फवारणी करायचा पंपच आठवला.

पहिला धडा दुकानदाराने फोनवरच दिला. “भरलेली आहे की रिकामी?” मला काय माहीत! “मग हात लावू नका. जाणत्या माणसाला बोलवा.” शेजारचे म्हातारे शिकारी आले. त्यांनी नळीचं तोंड भिंतीकडे केलं, नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली आणि आत नुसतं डोकावून न थांबता करंगळी घालून चाचपलं. काडतुसाची जागा रिकामी, खालची साठ्याची नळीही रिकामी. मग मूठ पुढे सरकू नये म्हणून उघड्या भागातून प्लॅस्टिकची पट्टी ओवली. “आता ही लोखंडाची काठी,” ते म्हणाले. तोवर मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होते.

मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. हाच तो पंप. आराखडा जॉन ब्राउनिंग यांचा, युटा राज्यातल्या ऑग्डनचे कारागीर. त्यांचं आधीचं १८९३ चं मॉडेल काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होतं. नव्या धूरविरहित दारूचा जोर सोसावा म्हणून हे जास्त भक्कम केलं. याचा घोडा मागे उघडाच दिसतो. शिवाय एक खोड अशी की, चाप दाबून धरला आणि मूठ मागे-पुढे करत राहिलं तर प्रत्येक वेळी पुढे ढकलताना बार उडतो. चाप सोडून पुन्हा दाबायला लावणारी योजना आतमध्ये नाहीच. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी याची आखूड आवृत्ती खंदकांत नेली, तेव्हा सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने अधिकृत निषेध नोंदवला. त्या खंदकी बंदुकांना संग्राहक हजारो डॉलर मोजतात, हे ऐकल्यावर माझे कान टवकारले. शेजाऱ्यांनी टेप लावली. खंदकी बंदुकीची नळी वीस इंची, वर जाळीदार पत्रा, पुढे संगीन अडकवायची सोय. आमची तीस इंची, बदकांवर रोखायची. माझे हजारो डॉलर तिथेच विरघळले.

“आनंद माना,” ते म्हणाले, “कुणी कापून अठरा इंचांच्या आत आणली असती तर १९३४ च्या कायद्याचं वेगळंच झेंगट मागे लागलं असतं.”

मी मात्र १९६८ चा कायदा वाचून खूश होते. १८९८ किंवा त्याआधी तयार झालेली अशी बंदूक केंद्रीय कायद्याच्या लेखी ‘अँटिक’, तिला इतर बंदुकांचे बहुतेक नियम लागत नाहीत. आमची १८९७ ची. एका वर्षाने सुटलो!

तिला चकचकीत करून न्यावी म्हणून पितांबरीही काढून ठेवली होती, पण सासूबाई जेवायला हाक मारायला आल्या आणि ते राहिलं. त्या हाकेने काय वाचवलं ते नंतर कळलं. जुन्या लोखंडावर काळाने चढवलेला करडा थर संग्राहकाला हवाच असतो. तो घासून काढणं म्हणजे किंमत घासून काढणं.

दुकानात आधी फोन करून, रिकामी, खोळीत घालून नेली. दुकानदाराने ती उलटी केली आणि नंबर वाचला. आधी ‘ई’ अक्षर, मग पाच लाखांच्या पुढचा आकडा. “पहिल्या महायुद्धाच्या आसपासची,” तो म्हणाला. “१८९७ हे मॉडेलचं नाव. १९५७ पर्यंत बनत होतं, दहा लाखांहून जास्त निघाल्या.” कोल्हापुरी चप्पल कोल्हापुरातच शिवलेली असणार, असं धरून चालल्यासारखं झालं होतं माझं.

म्हणजे बोलताना ‘अँटिक’, कायद्याने साधी बंदूक. घरच्या संग्रहातली एखादी विकायला परवाना लागत नाही. धंदा म्हणून विकायला लागतो. पेनसिल्व्हेनियात लांब नळीची बंदूक एक रहिवासी दुसऱ्याला थेट विकू शकतो. गिऱ्हाईक परराज्यातलं असेल तर मात्र परवानाधारक दुकान मध्ये हवंच. आम्ही दुकानाचाच रस्ता धरला. तिथे घेणारा ४४७३ नंबरचा फॉर्म भरतो, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते, मगच बंदूक हातात पडते. अनोळखी माणसाला घरी बोलावून त्याच्या डोळ्यांत चांगुलपणा शोधत बसायची माझी तयारी नव्हती.

मग त्याने दोष मोजायला घेतले. “मुलामा नंतर पुन्हा चढवलाय. स्क्रूच्या खाचा खरवडल्यात. आणि हे सगळ्यात वाईट...” त्याने दस्त्याच्या टोकाची लाल रबरी गादी दाखवली. “ही बसवायला लाकूड कापलंय. कापलेलं लाकूड काही वाढत नाही. मूळ असती तर सहज दीडशे डॉलर जास्त आले असते.” शिवाय त्या काळातली काडतुसाची जागा आजच्या काडतुसाला आखूड पडू शकते, म्हणून मोजल्याशिवाय उडवू नका, असंही तो चिठ्ठीवर लिहिणार होता.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. “ती गादी मी बसवून आणली,” त्या म्हणाल्या. “त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी. धक्का सोसत नव्हता.” आणि जरा थांबून, “म्हणजे ते दीडशे डॉलर आम्ही वीस वर्षं वापरले.” दुकानदाराने मान खाली घालून चिठ्ठी लिहायला घेतली.

रोख घेतले तर अडीचशे. दुकानात ठेवून विकली तर वीस टक्के त्याचे. आम्ही ठेवली. सहा आठवड्यांनी चारशेला गेली. तीनशे वीस आमचे.

दुकानदाराने पहिल्याच दिवशी वहीत बंदुकीचा नंबर आणि सासूबाईंचं नाव लिहिलं होतं. त्या घरात तीन पिढ्या राहिलेल्या बंदुकीचं तोवर एकही कागदपत्र नव्हतं. १९६८ च्या आधी तशी गरजच पडत नसे. आमच्याकडे उलटं. आजोबा गेल्यावर परवाना कुणी आपल्या नावावर करून घेतला नाही, म्हणून बंदूक ठाण्यात कायमची जमा झाली. पैसे शून्य, कागद मात्र जपून ठेवलेले.

रात्री बाबांना फोन केला.

“किती पैशे इले?”

सांगितले. त्यांना आकड्यात फारसा रस दिसला नाही.

“पावती घेतलंस मां?” ते म्हणाले. “सांभाळून ठेव, बाय. आजोबांची अजून ट्रंकेत आसा.”