जून झालेल्या शेंगा

संक्रांत झाली तरी नाशिकची थंडी अजून हटत नाही. गच्चीवरचा वाल मात्र ऐन भरात आहे. गावठी वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फूल धरत नाही. म्हणून सगळ्या शेंगा पौषात एकदमच अंगावर येतात, आणि बऱ्याच जून होतात.

मला त्या कोवळ्यांपेक्षा जास्त आवडतात. शीर ओढली की लांबलचक दोरा निघतो, साल चिवट असते. पण आत टपोरा हिरवा दाणा, कडेला पांढरी रेघ. आज सोललेले दाणे मोहरी-लसणाच्या फोडणीत परतले, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला घातला, वर गरम पाणी. बोटानं सहज दबेपर्यंत शिजवले. वालाचे दाणे कच्चे राहिले तर बाधतात. सोबत बाजरीची भाकरी. बाजारच्या कोवळ्या पापडीला ही दाट चव येतच नाही.

ज्या वेलावरच वाळल्या, त्यांचं कोकणी पद्धतीनं बिरडं करणार. वाल भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे. या थंडीत मोडांना वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून स्वयंपाकघरात उबेला ठेवते. मग कोमट पाण्यात टाकून एकेक डाळिंबी सोलायची. वेळखाऊ काम, पण आईशी फोनवर निवांत बोलायला याहून चांगलं निमित्त नाही.

सगळ्यात भरदार शेंगा बियाण्यासाठी वेलावरच राखल्यात. शेजारच्या काकूंनाही त्यातलं बी हवंय.