हृदय पोळ्याआधीच बांधून झालं होतं

माझ्या वहिनीवर आमच्या घरात एक आरोप होता. २५ ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. तिला पाचवा महिना सुरू होता आणि तिनं पावशीवर (पुण्याकडे हिला विळी म्हणतात) वांगी चिरली. मार्चमध्ये मुलगी झाली. रडली की तिचे ओठ निळे पडायचे. तपासणीत फॅलोट्स टेट्रालॉजी निघाली. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी जागेवरून सरकलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला, असे चार दोष एकत्र. ग्रहणाच्या तीन आठवडे आधी झालेल्या सोनोग्राफीत काही सापडलं नव्हतं. त्यामुळे घरच्यांना हिशोब सरळ वाटत होता. आधी चांगलं होतं, मग ग्रहण झालं, मग बिघडलं.

"तिले किती सांगतलं होतं, आजच्या दिवस हात जोडून बस म्हणून," आई येईल त्याला सांगायची. वहिनी ऐकून घ्यायची. तिचाही हळूहळू त्यावर विश्वास बसत चालला होता, हे मला जास्त लागत होतं.

आमचं गाव देवळी तालुक्यात. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरं आहे. डॉक्टर, नर्स, आशाताई यांचं येणंजाणं इथल्या गावांना नवीन नाही. गर्भारपणात लोहाच्या गोळ्या घरोघरी घेतल्या जातात आणि ग्रहणही घरोघरी पाळलं जातं. दोन्ही एकाच कपाटात राहतात, त्यांचं भांडण होत नाही. आमच्याकडे ते झालं, कारण कुणाला तरी दोषी धरायचं होतं.

मी तेव्हा नागपूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होते. ज्यांनी बीएस्सीला हा विषय घेतलाय त्यांना कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड्स आठवतील: २४ तास, ३३ तास, ४८ तास. तेहतीस तासांच्या स्लाइडमध्ये मधोमध एक फुगीर नळी दिसते, जर्नलमध्ये आपण तिची आकृती काढतो आणि शेजारी 'हृदय' लिहितो. अंडं उबवायला ठेवून दीड दिवसही झालेला नसतो आणि ही नळी हलायच्या बेतात असते. पिल्लू बाहेर यायला एकवीस दिवस असतात.

माणसाचंही असंच आहे. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी हृदयाचा पहिला ठोका पडतो. पाळी चुकून तेव्हा जेमतेम आठवडा झालेला असतो. कितीतरी बायकांना तोवर दिवस गेल्याचं ठाऊकही नसतं. तेव्हा हृदय म्हणजे एक सरळ नळी असते. मग ती वळते, तिला पिळा बसतो, आत पडदे वाढतात आणि आठव्या आठवड्याच्या शेवटाला चारही कप्पे व बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या तयार असतात. नंतरचे महिने फक्त वाढीचे.

या नळीत ना मेंदूकडून आलेली नस पोचलेली असते, ना कुणी मुकादम असतो. मग पेशी एकत्र कशा आकुंचन पावतात? भ्रूणाच्या हृदयाच्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत ठेवल्या तर प्रत्येक पेशी आपापल्या चालीनं धडधडते. एक जलद, दुसरी सावकाश. पण वाढता वाढता दोघी एकमेकींना टेकल्या की थोड्या वेळानं दोघींचा ठोका एक होतो. त्या टेकण्यातच सगळी गोम आहे. तिथे गॅप जंक्शन तयार होतं.

वर्धेच्या माणसाला जंक्शन हा शब्द समजवावा लागत नाही. पण हे जंक्शन रेल्वेपेक्षा आमच्या जुन्या घरातल्या सामायिक भिंतीसारखं आहे. भिंतीत एक झरोका होता. त्यातून शेजारच्या काकू विरजण मागायच्या, आई वाटीभर साखर द्यायची, आणि कुणाकडे कोण आलंय ही बातमी दोन्हीकडून जायची. त्यातून पलंग जात नसे. गॅप जंक्शनही तसंच. कनेक्सिन नावाच्या प्रथिनाचे सहा तुकडे गोलाकार उभे राहून अर्धी नळी करतात. शेजारची पेशी तिच्या बाजूची अर्धी नळी करते. दोन अर्धुकं जुळली की आरपार वाट होते, जेमतेम दीड नॅनोमीटर रुंद. त्यातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन आणि छोटे रासायनिक निरोप जातात. डीएनए, मोठी प्रथिनं जात नाहीत. शेजारची पेशी मरायला लागली तर झरोका बंदही होतो. एका पेशीनं एकटीनं ठरवून मात्र तो उघडत नाही. दोघींनी आपापला अर्धा भाग द्यावाच लागतो.

ठोका एका पेशीतून दुसरीत जातो तो याच वाटेनं. पण मी मुलीच्या रिपोर्टसाठी वाचायला बसले तेव्हा कळलं की गोष्ट ठोक्यापुरती नाही. हृदयाचा आकारही या बोलण्यावर अवलंबून असतो.

१९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी कनेक्सिन ४३ अजिबात नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं आईच्या पोटात वाढली, जन्मली आणि लगेच मेली. उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी वाट त्यांच्यात तुंबलेली होती. पोटात असताना ते निभावून गेलं, कारण तिथे प्राणवायू वारेतून मिळतो, फुप्फुसांची गरज पडत नाही. पहिला श्वास घ्यायची वेळ आली आणि वाटच नाही.

त्यात मला वहिनीची मुलगी दिसली. तिचीही तीच वाट अरुंद होती.

मग २००१ मध्ये दुसऱ्या गटानं कनेक्सिन ४३ फक्त हृदयाच्या स्नायूतून काढून टाकलं, बाकी शरीरात राहू दिलं. या उंदरांचं हृदय नीट घडलं. आकारात दोष नव्हता. पण ठोक्याची लय बिघडून ते दोनेक महिन्यांतच अचानक मेले. म्हणजे लयीला स्नायूतलं कनेक्सिन लागतं, पण आकार बिघडतो तो आणखी कुणाच्या तरी बोलण्यात खंड पडल्यानं.

ते कोण? हृदयाच्या बाहेरून येणारे पाहुणे. भ्रूणाच्या पाठीकडे, जिथे मज्जारज्जू बनत असतो, तिथल्या कडेच्या पेशी निघतात आणि बरंच अंतर चालून हृदयाच्या तोंडाशी येतात. तिथल्या एका वाहिनीच्या दोन करतात: एक शरीराकडे, एक फुप्फुसाकडे. १९८३ मध्ये मार्गारेट कर्बी यांच्या गटानं कोंबडीच्या भ्रूणात दाखवलं की या पेशी काढून टाकल्या तर ती वाटणी होतच नाही. पुढे १९९८ मध्ये सेसिलिया लो यांच्या गटाला उंदरांमध्ये दिसलं की या पेशींमधलं गॅप जंक्शनचं बोलणं कमी झालं की त्यांची चाल मंदावते, वाढलं की त्या भराभर निघतात. दोन्हीकडे नुकसान हृदयाच्या उजव्या बाजूलाच होतं. दिंडी चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. मागे रेंगाळून चालत नाही आणि पुढे पळूनही चालत नाही. मुक्कामाला वेळेत आणि पुरेशा संख्येनं पोचायचं असतं.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारता येत नाही. माणसात कनेक्सिनची वीसेक जनुकं आहेत, आणि कनेक्सिन ४३ च्या जनुकात बिघाड असलेल्या कित्येक माणसांची बोटं जुळलेली असतात पण हृदयाचा आकार ठीक असतो. फॅलोट असलेल्या शंभरातल्या साधारण पंधरा मुलांमध्ये बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळालेला असतो. बहुतेकांमध्ये एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. जगभरात हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. वांगी चिरणाऱ्या घरात आणि न चिरणाऱ्या घरात, दोन्हीकडे.

मी घरी आले तेव्हा २०२२ चं कालनिर्णय अजून खिळ्याला होतं, नव्याच्या मागे. ते काढलं आणि वहिनीला शेजारी बसवलं. मृग लागायच्या दोन-तीन दिवस आधी तिची शेवटची पाळी आली होती, ते तिला पेरणीमुळे पक्कं आठवत होतं. तिथून मोजत गेलो. पहिला ठोका पडला तो आषाढी एकादशीच्या आसपास. तेव्हा तिला शंकाही आली नव्हती, ती आणि दादा पावसाची उघडीप कधी होते हे बघत होते. पाठीकडच्या त्या पेशी चालत होत्या जुलैच्या पावसातच. घरावर तिरंगा लावला, त्या १५ ऑगस्टपर्यंत चारही कप्पे घडले होते. जो दोष राहायचा तो राहून गेला होता. त्यानंतर पोळा, तान्हा पोळा, गणपती, दसरा. मग दिवाळी आणि ग्रहण. सोनोग्राफीच्या दिवशी दोष होताच. फक्त बोराएवढ्या हृदयात तो त्या तपासणीत दिसला नाही.

वहिनीनं आषाढीच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

आई चुलीशी बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "मंग कोणाच्यानं झालं?"

"कोणाच्यानंच नाही," मी म्हटलं.

हे उत्तर तिला पटणार नाही असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मी तं त्या टायमाले सगळं पाळलं होतं." मग पहिल्यांदाच तिनं मला सांगितलं. २४ ऑक्टोबर १९९५ चं ग्रहण. दादा लहान होता, तिला सहावा महिना. सकाळभर ती अंधाऱ्या खोलीत सरळ पडून होती. पाणी प्याली नाही, हातात सुईसुद्धा धरली नाही. "तरी पोरगं सहा दिवसांतच गेलं. असंच निळं पडलं होतं. तुही आजी म्हणे, खिडकीच्या फटीतून उजेड आला असंल."

सत्तावीस वर्षं ती त्या फटीचा विचार करत होती. सुनेला बोलताना तिच्या मनात तोच हिशोब होता: मी एवढं पाळूनही चुकले, मग हिनं तर पाळलंच नाही. मी तिला त्या बाळाबद्दल काही ठाम सांगू शकत नव्हते. पण ते हृदयानं गेलं असेल, तर त्याचीही घडण ग्रहणाच्या कितीतरी आधी पुरी झाली होती, एवढं सांगितलं. ती काही बोलली नाही. मात्र त्या दिवसानंतर आल्यागेल्याला वांग्यांची गोष्ट सांगणं बंद झालं.

मुलीचं ऑपरेशन एक वर्षाची व्हायच्या आत झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून खर्चाची सोय झाली. तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा या कार्यक्रमाचं पथक येतं. बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, ओठ-नखं निळी पडत असतील तर त्यांची वाट न बघता दाखवून घ्या.

आता वहिनी दुसऱ्या बाळाचा विचार करतेय. पुन्हा असाच दोष येण्याची शक्यता शंभरात दोन-तीन, असं डॉक्टरांनी सांगितलं. यावेळी पाचव्या महिन्यात साध्या सोनोग्राफीसोबत गर्भाच्या हृदयाची खास तपासणी, फीटल एको, करायची आहे. रुबेलाची लस आणि साखर आधीच बघून घ्यायची. फॉलिक अॅसिड दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून, कारण पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बरंचसं काम सुरू झालेलं असतं.

गोळ्यांचं पाकीट आईनंच देवळीहून आणलं. ते देवघराच्या कोनाड्यात ठेवलंय. रात्री जेवणं झाली की ती वहिनीला हाक मारून विचारते, "घेतली का वं?"