बोली एक, बिल दुसरे

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पगार, बटाटा, चावी यांच्याबरोबर तोही किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत असा मुरला की त्याचे परकेपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. गणेशोत्सवातल्या प्रसादाच्या नारळापासून गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या कांद्यापर्यंत आपल्याकडे सगळ्याचा लिलाव होतो. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हा पुकारा ऐकला की नारळ नको असलेल्या माणसाचाही हात वर जाऊ पाहतो. लिलावाची मोहिनी आहे ती हीच. वस्तू हवी असते त्याहून ती दुसऱ्याला मिळू नये, हे अधिक हवे असते!

पण या पुकाऱ्यात एक सचोटी होती. बोली लावणारा समोर दिसत असे, आणि शेवटचा आकडा तोच देण्याचा आकडा असे. आता लिलाव मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. तिथे पुकारा नाही, हातोडा नाही आणि समोरचा माणूसही नाही. कलाशाखेच्या विद्यार्थिनीला या बाजाराशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. माझे कर्तव्य एका तिकिटापुरते होते.

आमच्या आजोबांना टपाल तिकिटांचा नाद. वय पंच्याऐंशी, दृष्टी मंदावलेली. पण भिंगातून तिकिटाचे दाते मोजण्याचा उत्साह अजून ओसरलेला नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी स्वतंत्र भारताने गांधीजींची चार तिकिटे काढली. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली आणि हिंदी व उर्दूत ‘बापू’ असे लिहिलेली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशा त्यांच्या किमती. पहिली तीन आजोबांच्या वहीत लहानपणापासून आहेत. चौथ्याची जागा रिकामी. “अगं, तेव्हा दहा रुपयांत घराचं वाणसामान यायचं. तिकिटाला कोण देणार?” असे ते म्हणतात. ही रिकामी चौकट माझ्या जन्माआधीपासून तशीच होती. शिकवण्यांचे पैसे साठले तेव्हा मी ठरवले, की ती भरायची.

या तिकिटाच्या नकला फार. म्हणून तज्ज्ञाचा दाखला जोडलेले, शिक्का पडलेले एक तिकीट मी एका लिलावसंस्थेच्या संकेतस्थळावर निवडले. नियम दोनदा वाचले. बोलीवर २० टक्के ‘खरेदीदाराचा अधिभार’, त्या अधिभारावर १८ टक्के कर आणि टपालखर्च प्रत्यक्ष होईल तो, एवढे त्यात लिहिले होते. आकडेमोड करून मी माझी कमाल मर्यादा २,१०० रुपये अशी नोंदवून ठेवली. अशी मर्यादा दिली की यंत्र आपल्या वतीने, गरजेपुरती, पायरीपायरीने बोली चढवते.

या पद्धतीमागे एक सुरेख कल्पना आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली ती शास्त्रशुद्ध मांडली. पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने वस्तू न्यावी, पण किंमत द्यावी ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची. मग कोणालाच आपली खरी मर्यादा लपवण्याचे कारण उरत नाही. गंमत अशी, की टपालाने बोली मागवणारे तिकिटांचे व्यापारी हाच रिवाज एकोणिसाव्या शतकापासून पाळत होते. मात्र या साऱ्या इमारतीचा पाया एकच. दुसरी बोली खरी असली पाहिजे. आपली मर्यादा ज्याच्या तिजोरीत आहे त्यानेच दुसरी बोली घडवायची ठरवली, तर गिऱ्हाईकाला ते कळणार कसे?

८०० रुपयांपासून सुरू झालेले माझे तिकीट शेवटच्या चार मिनिटांत उड्या मारू लागले. प्रत्येक नव्या बोलीला वेळ दोन मिनिटांनी वाढे. समोर नाव नाही, नुसता एक क्रमांक. तो क्रमांक चढत चढत नेमका माझ्या मर्यादेच्या एक पायरी खाली आला आणि तिथेच गप्प बसला. तिकीट मला मिळाले, पुरत्या २,१०० रुपयांना. हा योगायोगही असेल; माझ्या हाती पुरावा नाही. पण पुरावा मिळण्याची सोयच जिथे नाही, तिथे संशयाला घर मिळते. पूर्वी बाजारात कापडाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्तापद्धत होती. ती वाईट म्हणून उघड लिलाव आला. आता तेच कापड काचेचे होऊन परत आले आहे, इतकेच!

दुसऱ्या दिवशी बिल आले. बोली २,१०० रुपये. अधिभार ४२०. त्यावरील कर ७५ रुपये ६० पैसे. इथवर हिशेब ठरल्याप्रमाणे. पुढे ‘बांधणी व टपाल’ २८०, ‘हाताळणी’ १००, आणि या साऱ्या बेरजेवर ऑनलाइन पैसे भरण्याचे शुल्क दोन टक्के म्हणजे ५९ रुपये ५१ पैसे. एकूण ३,०३५ रुपये ११ पैसे. हाताळणी आणि भरण्याचे शुल्क हे दोन शब्द नियमांत कुठेही नव्हते. तीन दिवसांत पैसे न भरल्यास ‘थकबाकीदार’ म्हणून नाव नोंदले जाईल, अशी सूचना मात्र ठळक अक्षरांत होती. मी पत्र लिहिले. उत्तरादाखल तक्रार क्रमांक आला. दुसरे लिहिले, दुसरा क्रमांक आला. माणूस काही आला नाही. शेवटी तिकीट हातचे जाऊ नये म्हणून पैसे भरले. पाकीट आले तेव्हा त्यावरची स्पीड पोस्टची पावती ऐंशी रुपयांच्या आतली होती.

आता थोडे दूर उभे राहून पाहू. लिलाव करणाऱ्याने मोबदला घेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो कोणाकडून आणि कसा, हा. लंडनच्या ख्रिस्तीज आणि सदबीज या बड्या पेढ्यांनी १९७५ साली खरेदीदारावर अधिभार बसवला. त्याआधी त्यांचे कमिशन विकणाराच देई. आपल्याकडे मार्केट यार्डात शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत, हमाली, तोलाई कापली जाई. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. तात्पर्य, मधला माणूस कोणाच्या तरी खिशातून जेवणारच. पण त्याचे ताट केवढे आहे, हे यजमानाला आधी कळले पाहिजे.

मोठ्यांच्या व्यवहारातही हे आकडे येतातच. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून मिळवली, तेव्हा हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपयांचा एकच आकडा जनतेला सांगितला गेला. सरकारला जमते ते तिकीट विकणाऱ्यांना का जमू नये?

कायदाही हेच सांगतो. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात, टपाल-हाताळणी-कर अशा फोडीसह दाखवायची असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी जाहीर केले. त्यांत किंमत थेंबाथेंबाने उघड करण्याचा प्रकार आहे आणि खोटी घाई लावण्याचाही. ठिबक सिंचन उसाला चांगले. गिऱ्हाईकाच्या खिशाला नव्हे! आणि १९७४ साली ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, त्या पुण्याच्या पोरीने गप्प बसावे, हे मनाला पटेना. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी नियमांची प्रत आणि बिल जोडून तक्रार नोंदवली. पाच आठवड्यांनी हाताळणी आणि शुल्क मिळून १५९ रुपये ५१ पैसे परत आले. वर्गातल्या मित्रांनी हसून घेतले. “दीडशे रुपयांसाठी पाच आठवडे?” आजोबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, “तिकीट तीन हजारांचं आहे असं आधी सांगते, तर मी नकोच म्हटलं असतं. नको म्हणायचा माझा हक्क त्यांनी घेतला. तो दीडशे रुपयांचा नाही.”

मला वाटते, मर्म इथेच आहे. जुन्या वस्तूचा नाद हा विश्वासावर जगतो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती जमवायला प्रारंभ केला आणि १९७५ मध्ये तो सारा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेतल्या त्या संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्या वस्तू हातात घेऊन, मालकाशी बोलून, घासाघीस करून मिळवाव्या लागल्या. घासाघीशीत दोन्ही माणसे एकमेकांना दिसत असतात. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या आपल्या जुन्या बाजारातही खोट्या शिवराया मिळतात. पण विकणारा तिथे समोर असतो, आणि पुढच्या रविवारी त्याला गाठता येते. पडद्यामागच्या माणसाला कुठे गाठायचे? याच अंधाराचा फायदा घेऊन जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली लोकांकडून शुल्क उकळणारे निपजले. त्यात रिझर्व्ह बँकेचेच नाव वापरले जाते म्हणून बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला.

ऑनलाइन लिलाव बंद करा, असे मी म्हणत नाही. कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या मुलाला घरबसल्या दुर्मीळ तिकीट पाहता येते, हे या बाजाराचे उपकारच आहेत. मागणे एवढेच, की यंत्राला जर क्षणात बोली चढवता येते, तर क्षणात बेरीजही करता येईल. प्रत्येक बोलीशेजारी ‘तुम्हाला द्यावे लागतील’ असा दुसरा आकडा त्याने दाखवावा. मग ज्याला हात वर करायचा तो करील, आणि ज्याला खाली घ्यायचा तो सन्मानाने घेईल.