बारा ट्रॉल्या माती

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या कोणा अनुभवी गृहस्थाने केली, त्याने जुने घर दुरुस्त करून पाहिलेले नसावे. नाहीतर लग्नाचा उल्लेख त्याने गाळूनच टाकला असता. लग्नाला निदान शेवट असतो. वरात निघाली की मांडव उतरतो. जुन्या घराच्या दुरुस्तीला मुहूर्त फक्त आरंभाचा. शेवटचा दिवस कुठल्याही पंचांगात सापडत नाही.

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा आमच्यापुढे दोन घरे होती. एक जुन्या जालन्यातले वडिलांचे, वाटणीत माझ्याकडे आलेले आणि बारा वर्षे कुलूपबंद असलेले. दुसरे तिथून चार गल्ल्या सोडून, वयाने तितकेच, पण एका व्यापाऱ्याने वर्षभरापूर्वी घेऊन, नटवून, विक्रीला काढलेले. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा 2022 च्या डिसेंबरात खुला झाला, 2023 साली आमच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि जुनी घरे घेऊन नवी करून विकणारे गावात दिसू लागले. अमेरिकेत याला 'फ्लिप' म्हणतात, असे आमच्या पुतण्याने फोनवर सांगितले. म्हणजे पोळी तव्यावर उलटावी तसे घर उलटायचे. पोळी उलटण्याचे कौशल्य एवढेच की खालची बाजू करपली असेल तर ती ताटात खालीच राहिली पाहिजे.

आमच्या सौभाग्यवतींचा कल तयार घराकडे होता आणि त्याला कारण होते. ते कारण सांगायचे तर आधी माळवद म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगितले पाहिजे. मराठवाड्यातल्या जुन्या घरांना कौले नसत. दगडमातीच्या जाड भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा चिपा, आणि त्या सगळ्यावर मातीचा थर. हे माळवद. जालन्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर चढलेला असताना, माळवदाखालच्या माजघरात जी थंडाई असते ती विकतच्या यंत्राने येत नाही. पण एक खोड आहे. दर साली पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून वर पांढरीची माती पसरायची. जुनी काढायची नाही, नवी टाकायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली; घर जितके जुने तितके डोक्यावरचे ओझे जास्त.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीला ते ओझे खाली आले. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. धक्का फार मोठा नव्हता; दोन पदरी भिंती, मध्ये दगडगोटे भरलेले, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचित, त्यामुळे भिंती फुगून फाटल्या आणि वरची माती माणसांवर बसली. सौ.चे माहेर त्या बाजूचे. तिची धाकटी मावशी त्यात गेली. तेव्हापासून गेली कित्येक वर्षे ती माळवदाच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी रात्री अंथरूण ओसरीच्या कडेला, उघड्यावर घालते. लग्नानंतर माझ्या आईने दोन वेळा विचारले, मग विचारायचे सोडून दिले.

तयार घर पाहायला आम्ही रविवारी गेलो. ओसरीवर आरसा व्हावी अशी फरशी, स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ, आणि छताला पीओपीची पांढरीशुभ्र नक्षी, तिच्यात लपवलेले दिवे. दलाल म्हणाला, "मॅडम, आता फक्त बॅगा घेऊन यायचं." सौ.ने ओट्यावरून हात फिरवला. मला वाटले, सौदा झाला.

मग तिने विचारले, "वर जायचा जिना कुठे आहे?"

जिना मागच्या बाजूला होता आणि त्याच्या दाराची किल्ली नेमकी त्या दिवशी सापडत नव्हती. पुढच्या रविवारीही सापडली नाही. तेव्हा शेजारच्या आजींकडे हळदीकुंकवाची जुनी ओळख काढून ही त्यांच्या गच्चीवर गेली, आणि पाच मिनिटांत खाली येऊन मला म्हणाली, "अहो, वर माळवदच आहे. डांबरी कागद अंथरलाय फक्त. कडेला गवत उगवलंय."

म्हणजे ज्या मातीला ती आयुष्यभर भ्याली, ती माती तिथेही होतीच. फक्त मध्ये एक पांढरा पडदा धरला होता. नटवून विकणारा मनुष्य दुष्ट असतो असे मला म्हणायचे नाही. तो पोटापाण्याचा व्यवहार करतो. पण त्याचा पैसा गिऱ्हाइकाची नजर जिथे पडते तिथे खर्च होतो, आणि घर खराब होते ते पाणी जिथे पडते तिथे. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते. लोणा दोन पावसाळे दिसत नाही आणि मग एकदम पोपडा धरून सगळे खाली येते. दोन पावसाळ्यांनंतर घर कोणाचे असते हे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो, असे आमच्या चिरंजिवांनी पुण्याहून विचारले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले 55 वे कलम सांगते की घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर तो त्याने उघड करावा. 2016 चा रेरा कायदा आला तो नव्या प्रकल्पांसाठी; बांधणीतला दोष पाच वर्षांपर्यंत भरून द्यायची जबाबदारी त्याने बिल्डरवर टाकली. जुन्या जालन्यातले एकटेदुकटे रंगवलेले घर त्याच्या चौकटीत बसत नाही. आणि गच्चीवर चढल्यावर जो दोष दिसतो तो 'साधी काळजी घेऊन दिसणारा' की 'न दिसणारा', यावर वकिलांची मुले शिकून मोठी होतील!

आम्ही वडिलांचे घर उघडायचे ठरवले. सौ.ची अट एकच: "सगळी माती माझ्यासमोर खाली आली पाहिजे."

आमचे गवंडीमामा सत्तरीचे. आल्याबरोबर त्यांनी हातोडीच्या दांड्याने प्रत्येक तुळई वाजवून पाहिली. "गुरुजी, लाकूड बोलतंय. पोटात काईच झालं न्हाई. भितीत गेलेलं डोकं तेवढं सडलंय." सागाचे असेच असते, मधला गाभा वाळवीला दाद देत नाही, पण भिंतीत पुरलेले टोक ओलीने जाते. पाच तुळयांपैकी दोघींची टोके कापून सुताराने नवे लाकूड जोडले आणि खाली लोखंडी आधार दिला. लोखंडाच्या सळ्या करणाऱ्या गावात राहून त्याची तरी टंचाई नव्हती.

माती उतरवायला नऊ दिवस लागले. तीस फूट बाय वीस फूट घर आणि वर दोन फूट माती, म्हणजे बाराशे घनफूट, बारा ब्रास. बारा ट्रॉल्या भरल्या. एका ट्रॉलीत साडेचार टन धरा. पन्नास टनांहून अधिक वजनाखाली आम्ही भावंडे लहानाची मोठी झालो होतो. खणताना एकेका वर्षाचा थर कडेला वेगळा दिसत होता, काही फिके, काही काळपट. वडील डोक्याला पंचा बांधून टोपल्या वर नेत, तो थर यातला कुठला असेल, हे मी शोधत उभा राहिलो तेव्हा मजूर हसले. सौ. मात्र खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक ट्रॉली वहीत मांडत होती.

एका तरुण इंजिनिअरबाईंनी पुढचे सांगितले. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत आकड्याची सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात; खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके आधार द्यायचे; आणि छतावर फळ्या, जाड प्लॅस्टिक, वर फक्त चार बोटे माती. स्लॅब टाकू का, असे मी विचारले तर म्हणाल्या, "सर, या भिंतींवर स्लॅब म्हणजे पुन्हा तेच ओझं." गिलावा चुन्याचा. चुना मळणारा माणूस मिळायला महिना गेला.

पाच महिन्यांचे काम चौदा महिने चालले. भाड्याच्या घराचे मालक तोंडदेखले हसत. बँकेने तयार घराला आनंदाने कर्ज दिले असते. दुरुस्तीला देताना तिने इतके कागद मागितले की मी प्रॉव्हिडंट फंडावरच भागवले. तयार घराच्या पाऊण किमतीत आमचे उरकले खरे, पण त्या हिशेबात सौ.ची कोरडी ढास, माझे गुडघे आणि सुताराची वाट पाहण्यात गेलेल्या सकाळी धरलेल्या नाहीत. ज्यांना रोज आठ वाजता कामावर जायचे आहे, त्यांनी हे करावे असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

गेल्या ज्येष्ठात पहिला पाऊस झाला त्या रात्री तिने अंथरूण माजघरात घातले. मी काही बोललो नाही. पहाटे चारला जाग आली तेव्हा ती छताकडे पाहत पडली होती. मग कुशीवर वळली आणि झोपली.

ते दुसरे घर दीड महिन्यात विकले गेले. एक तरुण जोडपे राहायला आले. सौ. वाण घेऊन गेली आणि वर काय आहे ते तिने त्या मुलीला स्पष्ट सांगितले. मुलगी म्हणाली, "काकू, ठाऊक आहे आम्हाला. आमचे हे गच्चीवर चढले होते. पण कर्ज याच घराला मिळत होतं. दोन वर्षांनी काढू माती." सौ.ने गवंडीमामांचा नंबर लिहून दिला, आणि दोन वर्षे थांबू नका, उन्हाळ्यातच काढा, असे सांगून आली. चैत्रात ती पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.