गडावरील जाळ

थळच्या किनाऱ्यावरून रात्रीं खांदेरीचा दीप पाहतांना आम्हांस दर वेळीं सिंहगडच आठवतो. दोहोंचा संबंध काय, असें वाचक विचारतील.

1670 सालीं कोंढाणा सर झाल्यावर मावळ्यांनीं गडावरील पागेस आग लावली आणि तो उजेड पाहून राजगडावर महाराजांनीं गड हातीं आल्याचें ओळखलें, असें सभासद आपल्या बखरींत लिहितो. मधलीं दऱ्याखोरीं ओलांडून, जासुदाच्या आधीं, वार्ता पोंचली. पण केवढी वार्ता? जेवढी ज्वालेला सांगतां येते तेवढीच! तानाजी पडला, हें तिला सांगतां आलें नाहीं. तें दुसऱ्या दिवशीं जासुदाच्या तोंडून कळावयाचें होतें. ती एक रात्र राजगडावर निर्भेळ आनंदाची गेली असेल, आणि आमचें मन नेमकें तेथेंच घुटमळतें.

खांदेरीचा दीप 1867 पासूनचा. तो कसलीच वार्ता देत नाहीं. प्रत्येक दीपगृहाच्या झोतांमधील अंतर ठरलेलें असतें. तें मोजून खलाशी, हा दीप कोणता आणि आपण कोठें, हें ताडतो. काल होता तसाच आज दिसणें, एवढेंच त्याचें काम; त्यांत खंड पडेल, तर तीच काय ती वार्ता! उपग्रहांच्या या काळांतहि तो विझविलेला नाहीं, याचें आम्हांस बरें वाटतें.

परवां आम्हीहि ते झोत मोजूं लागलों. बरोबरच्या मंडळींपैकीं कोणी मधेंच कांहीं विचारलें नि आंकडा चुकला. मग पुन्हां पहिल्यापासून.