न दुखणाऱ्या पायाचा व्यायाम

गुडघ्याचा रुग्ण ‘दुखतंय’ म्हणाला, की फिजिओथेरपिस्ट थांबतो. मधुमेहाने मज्जातंतू निकामी झालेल्या पायाकडून हा शब्द येतच नाही. म्हणून इथे व्यायामाची मात्रा डोळ्यांनी आणि हातांनी ठरवावी लागते.

आधी मोजे उतरवायचे. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून कुठे कळते, कुठे कळत नाही ते पाहायचे. दोन्ही पावलांवरून पालथा हात फिरवून एखादे जास्त गरम लागते का, हे तपासायचे. बोटे वाकलेली असतात, कारण पावलातले छोटे स्नायू सुकलेले असतात, घोटाही आखडतो. मग सगळा भार चवड्यावर येतो, तिथे घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम होते.

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी या जखमांचे मूळ ओळखले. बधिर पायाचे मांस मुळात नासके नसते, एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब ते फोडतो. पुढे अमेरिकेत कारव्हिलला मधुमेहींच्या पायांनाही हेच ज्ञान उपयोगी पडले.

दाबाच्या या धास्तीने अशा रुग्णांना चालणे कमी करायला सांगितले जाई. मिसूरीत जोसेफ लेमास्टर आणि सहकाऱ्यांनी ७९ रुग्णांवर अभ्यास करून २००८ साली निष्कर्ष मांडला: देखरेखीखाली बळकटीचे आणि तोलाचे व्यायाम देऊन चालणे हळूहळू वाढवले, तरी जखमा लक्षणीय वाढल्या नाहीत.

व्यायाम साधेच. बोटे पसरायची, जमिनीवरचा नॅपकिन बोटांनी ओढायचा, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, टाचा उचलायच्या, ओट्याला धरून क्षणभर एका पायावर उभे राहायचे. गेलेली संवेदना परत येईल असे वचन यात नाही. पाऊल नीट टेकावे, तोल जाऊ नये, यासाठी ही मेहनत आहे. कसब आहे ते व्यायामानंतर पुन्हा तळवा पाहण्यात. लाली ओसरली नाही, तर पुढच्या वेळी मात्रा कमी.

घरी करणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. आधी आणि नंतर तळवे आरशात पाहा, दिसत नसतील तर घरच्यांना दाखवा. उघडी जखम असेल, किंवा एक पाऊल अचानक गरम होऊन सुजले असेल, तर त्या पायावर भार देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.