नवमीची पाउणकी

गुहागरला उतरलो त्या घराच्या पडवीत एका पाटीवर खडूनं लिहिलं होतं : भरती, संध्याकाळी ६.५०. लेकीनं ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आज नवमी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी बाबांच्या आवाजात बोललो होतो.

अल्लीपूरहून इथं यायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. वर्धेहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, मग कोकण रेल्वेनं चिपळूण, तिथून एसटी. पहिल्यांदा आलो ते २००० सालच्या मे महिन्यात. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, मृगाला महिना होता. बाबांना वावरातून तेवढीच सवड. पोचलो त्या संध्याकाळी अक्षय्य तृतीया होती आणि समुद्र पार दूर गेलेला. ओल्या वाळूत उभं राहून बाबांनी घरमालक आजोबांना विचारलं, "पाणी कुठी गेलं जी?"

"सुकती आहे. उद्या तीनला भरेल," आजोबा म्हणाले. मग त्यांनी हिशेब सांगितला : जितकी तिथी, तिच्या पाऊणपट वाजता भरती.

बाबांचा चेहरा उजळला. तिथी त्यांच्या तोंडावर असायची आणि पावकी, निमकी, पाउणकीपासून औटकीपर्यंत सगळं पाठ होतं. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा हिशेब ते कागदाशिवाय करत. चार पाउणे तीन. दुसऱ्या दिवशी जेवण होताच ते सुरूच्या बनातून काड्या घेऊन निघाले आणि आपण सरी धरतो तशा त्या ओळीनं वाळूत रोवल्या. मग धोतर सावरून, मनगटावरचं घड्याळ समोर धरून बसले. आई हाका मारत होती, उन्हात बसू नका म्हणत होती. लाटेनं पहिली काडी घेतली, दुसरी घेतली. तिसरीशी खेळत राहिली. चौथी कोरडीच राहिली आणि पाणी मागं वळलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मृग ७ जूनला लागतो हे पंचांगात असतं, पण तो बरसेल का, हे बाबांना कुठल्याच पंचांगानं सांगितलं नव्हतं. दुबार पेरणीची वर्षं मी पाहिली आहेत. बाबांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, पुन्हा घेतलं.

"हे पाणी सांगून येते बाप्पा," ते म्हणाले. नंतर बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.

यंदा बाबा नाहीत. नऊ पाउणे पावणेसात, असं लेकीला शिकवत आम्ही किनाऱ्यावर गेलो. वीस पाउणे पंधरापर्यंत तिनं एका दमात म्हटलं. पाउणकी शाळेतून गेली हे मला फार लागतं. परतताना कुळथाचं पिठलं आणि भात खाल्ला. आमच्या तर्रीची मला दोन दिवस आठवण आली नाही.

इथला लाल जांभा आणि आमची काळी कसदार माती एकाच लाव्ह्यातून आलेली, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. पाऊस धो धो पडला तिथं त्या खडकाचा जांभा झाला, बेतानं पडला तिथं कपाशीची जमीन झाली. आईला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कुंपणाजवळची मूठभर लाल माती पदराच्या टोकात बांधली. तुळशीत घालीन म्हणते.